मार्केटिंगचा प्रकल्प आणि साडीचे माप

माझी भाची मालेगावात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्केटिंगच्या विषयासाठी तिने प्रकल्प केला तो माझ्याच दुकानावर. पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन आली ती शुक्रवारी. शुक्रवारी इथले लूम बंद, आमच्या शटरलाही कुलूप! पुढे मात्र तिने दोन आठवडे उभे राहून ४० गिऱ्हाइकांना गाठले. आमच्या नोकरांशी दोन शब्द न बोलणाऱ्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलल्या.

कॉलेजने गुण देण्याच्या कसोट्या एका कागदावर छापून दिल्या होत्या. हेतू स्पष्ट आहे काय, माहिती स्वतः गोळा केली काय, निष्कर्ष त्या माहितीतूनच निघतो काय, आणि आपल्या कामातली उणीव विद्यार्थ्याला दिसली काय. आमच्या उर्दू शाळेत असा कागद कधी मिळाला नाही. उस्ताद नापास करीत, कारण आपण शोधायचे. तो कागद समोर ठेवून मी प्रकल्प ऐकायला बसलो.

हेतू ठीक होता, माहिती तर उत्तम. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली मांडलेली चौकट, म्हणजे माल, किंमत, जागा आणि प्रसार, तिने नीट वापरली होती. शिफारशी : नाव छापलेल्या पिशव्या, मोबाईलवर जाहिरात, ईदला सूट. तिसऱ्या कसोटीवर मी अडलो. 'आणखी काही सांगायचे आहे का' या रकान्यात ११ बायकांनी एकच गोष्ट सांगितली होती : सुती साडी नेसताना आखूड पडते. या ११ ओळी परिशिष्टात पडून होत्या.

"मामू, तुमच्याच दुकानाबद्दल असं कसं लिहू?" ती म्हणाली.

मला राग आला, हे कबूल करतो. रात्री शटर ओढून १० साड्या मोजल्या. चिठ्ठीवर साडेपाच मीटर. ७ साड्या सव्वापाचच्या आत भरल्या.

लबाडी कुणी केली असे नाही. लूमवर ताणा घट्ट असतो. तिथे मोजलेले कापड खाली उतरले, पाण्यातून गेले की सूत आखडते. चिठ्ठी मात्र लूमवरच्या मापाचीच राहते. पण २००९ च्या वैधमापन कायद्याला हा खुलासा चालत नाही, छापलेले माप खरेच असावे लागते. आणि सूरह अल-मुतफ्फिफीन तर आम्ही लहानपणीच पाठ केलेली.

मी तिला म्हटले, लिही. तिने निष्कर्षाचे प्रकरण बदलले, पिशव्या शेवटच्या ओळीत गेल्या. उणिवेच्या पानावर लिहिले की, उत्तरे आधीच ठरवून मी प्रश्न विचारले, म्हणून न विचारलेले उत्तर मला ऐकू आले नाही. कॉलेज काय गुण देईल ते देवो, चौथ्या कसोटीवर मी तिला पुरे गुण दिले असते.

कारखानदार म्हणतो, लांबी वाढवली तर सूत वाढेल, पैसे कुणी द्यायचे? निम्मे-निम्मे ठरले आहे. दुकानातल्या मालावर खऱ्या मापाची चिठ्ठी लावून भाव उतरवला. याआधी किती साड्या आखूड गेल्या, ते मात्र माझ्या कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.