आधी काच, मग चाक : हिवाळ्याच्या पहाटे वाहन काढताना

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो पावसाळा. २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला, त्या रात्रीचे स्मरण आजही ताजे आहे. जुलै २०२१ मधील महापुराने महाड शहराची झालेली दैना सर्वश्रुत आहे. त्यामुळे पावसाळी प्रवासाविषयी या भागातील जनता व प्रशासन दोघेही सावध असतात. त्या मानाने हिवाळा हा सुखाचा ऋतू समजला जातो आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः मार्गशीर्ष आणि पौष महिन्यांतील पहाट वाहनचालकाची वेगळीच परीक्षा पाहणारी असते. रस्ता कोरडा असतो, वाहन ठणठणीत असते. परंतु समोरची काच दवाने पांढरी झालेली असते आणि चालकाला निघण्याची घाई असते.

अशा वेळी अनेक जण हाताने किंवा फडक्याने काचेवर ताटलीएवढी जागा पुसतात आणि त्यातून डोकावत वाहन रस्त्यावर आणतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. त्याच वेळी रस्त्याच्या कडेने शाळेकडे निघालेली मुले, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे सायकलस्वार आणि पहिली एस. टी. पकडण्यासाठी निघालेले प्रवासी चालत असतात. ही माणसे काचेच्या पुसलेल्या भागात येतील की न पुसलेल्या, हे केवळ दैवावर सोडलेले असते.

काचेवर पाणी येते कोठून?

हवेत नेहमीच थोडी वाफ असते. हवा जितकी उबदार, तितकी अधिक वाफ ती सामावून घेऊ शकते. २० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धारण करते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड झाली, तर तिला सुमारे ९ ग्रॅमच वाफ पेलवते. उरलेली वाफ जवळच्या थंड पृष्ठभागावर पाण्याच्या रूपाने उतरते. यालाच आपण दव पडणे म्हणतो.

निरभ्र आणि निवांत रात्री वाहनाचा टप व काच आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकीत राहतात आणि सभोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. म्हणूनच उघड्या अंगणात उभी केलेली जीप सकाळी न्हाऊन निघालेली दिसते. तर फणसाच्या झाडाखाली किंवा पडवीत उभी केलेली बरीचशी कोरडी राहते. झाडाचे वा छपराचे आच्छादन उष्णता निसटू देत नाही, एवढेच त्यामागील रहस्य आहे. सावित्रीच्या खोऱ्यात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. डोंगरउतारावरील थंड व जड हवा रात्री खाली ओघळून दरीत साचते आणि पूर्वेकडील सह्याद्रीच्या भिंतीमुळे सकाळचे ऊनही उशिरा पोहोचते. परिणामी सूर्योदय होऊन गेला, तरी दव लवकर हटत नाही.

हे झाले काचेच्या बाहेरील पाणी. आतील पाणी मात्र आपण स्वतःच निर्माण करतो. एक माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाभरात सुमारे ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आठ प्रवासी बसलेल्या बंद जीपमध्ये तासाभरात जवळजवळ तांब्याभर पाणी हवेत मिसळते, असे म्हणावयास हरकत नाही. ते थंड काचेच्या आतील बाजूस धुक्याप्रमाणे चिकटते. तेव्हा काच धूसर झाली की प्रथम आतून बोट फिरवून पाहावे. रेघ उमटली, तर पाणी आत आहे. न उमटल्यास ते बाहेर आहे. दोहोंचे उपाय वेगळे असल्यामुळे ही साधी परीक्षा महत्त्वाची ठरते.

महाबळेश्वरचे हिमकण

महाड-पोलादपूरच्या सखल भागात काचेवर बर्फ जमत नाही. परंतु पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर लागते आणि तेथे वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून हिमकण तयार होतात. स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि वाहनांच्या टपांवर पांढरी चादर पसरल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत अनेकदा प्रसिद्ध होतात. हवेचे तापमान शून्याच्या वर असूनही बर्फ कसा, असा प्रश्न तेव्हा विचारला जातो. याचे उत्तर वर आलेच आहे. तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, आडोशाच्या पेटीत असतो. गवताचे पाते आणि मोटारीचा टप उघड्या आकाशाखाली त्याहून कितीतरी अधिक थंड होतात. त्यातच सखल जागी थंड हवा साचते.

आपल्या भागातील अनेक चालक प्रवासी घेऊन तेथे मुक्कामास जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परततात. त्यांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. गोठलेल्या काचेवर कढत पाणी कदापि ओतू नये. थंड काच एका बाजूने एकाएकी तापली की ती असमान प्रसरण पावते. खड्यामुळे आधी पडलेला बारीकसा टवकाही अशा वेळी काचभर तडकत जातो. चाकू, उलथणे किंवा पत्र्याचा तुकडा यांनी बर्फ खरवडू नये. त्यामुळे पडलेले ओरखडे कायमचे राहतात. कडक प्लॅस्टिकच्या सपाट पट्टीने हलक्या हाताने थर काढावा आणि कोरड्या सुती फडक्याने काच पुसावी. वायपर काचेला चिकटले असतील, तर बटण दाबून ते ओढू नयेत. रबर फाटते आणि मोटर जळण्याचा संभव असतो. सर्वांत उत्तम उपाय रात्रीचाच आहे. वाहन आडोशाला उभे करावे, अन्यथा पुढच्या काचेवर ताडपत्री किंवा जाड चादर घट्ट अंथरावी. पाच मिनिटांचे हे काम सकाळची सारी खटपट वाचविते.

घाट चढताना आणि उतरताना

उंची वाढत जाते तशी हवा सरासरीने दर १,००० मीटरमागे सुमारे ६ अंशांनी थंड होते. पहाटे दरीत गारवा साचला असल्यास काही अंतरापर्यंत हा हिशेब उलटाही होतो. सामान्यतः घाट चढताना बाहेरून काच गार होत जाते आणि आतील वाफ तिच्यावर धरते. उलट, महाबळेश्वरच्या थंडीतून निघालेले वाहन कोकणातील उबदार व दमट हवेत उतरू लागले की गार काचेच्या बाहेरील बाजूस वाफ जमते. आतून कितीही पुसले, तरी ती जात नाही. तेथे वायपरच उपयोगी पडतो. कशेडीच्या बोगद्यातील हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असल्यास आत शिरताच असाच अनुभव येऊ शकतो. म्हणून बोगद्यापूर्वी वेग कमी करावा आणि वायपरच्या बटणाकडे लक्ष असू द्यावे.

आंबेनळी घाटाचा रस्ता पूर्वेकडे चढत जातो. सकाळी वळणावर सूर्य अचानक समोर येतो आणि काचेच्या आतील बाजूस धूळ, धूर व तेलकटपणा यांचा थर असेल, तर साऱ्या काचेवर प्रखर झळाळी पसरते. आठवड्यातून एकदा तरी साबणाच्या पाण्याने काच आतूनही धुवावी. काचेला तंबाखू वा बटाटा चोळण्याची युक्ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. परंतु तिचा थर काचेवर उरल्यास समोरील दिव्यांचा उजेड फाकतो. स्वच्छ काचेला पर्याय नाही.

इंजिनाला किती वेळ द्यावा?

इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवल्याखेरीज वाहन हलवू नये, हा समज जुन्या चोकच्या मोटारींच्या काळातील आहे. आजच्या वाहनांत इंधनाचे प्रमाण विद्युतयंत्रणा ठरविते. अशा इंजिनाला आपल्याकडील थंडीत अर्धा ते एक मिनिट पुरेसे होते. त्यानंतर पहिली काही किलोमीटर हलक्या हाताने, इंजिनावर जोर न देता चालविल्यास ते लवकर आणि समप्रमाणात तापते. डिझेल वाहनात चावी फिरविल्यावर कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. पाच-दहा सेकंदांत इंजिन सुरू न झाल्यास अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. सलग सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते.

थोडक्यात, अधिक वेळ इंजिनाला नव्हे, तर काचेला द्यावयाचा असतो. वातानुकूलन असल्यास ते सुरू करून तापमानाची कळ उबदार बाजूस ठेवावी, हवेचा झोत पुढच्या काचेकडे वळवावा आणि बाहेरची ताजी हवा आत येऊ द्यावी. वातानुकूलन यंत्र हवेतील ओलावा काढून घेते आणि हीटर तिला उबदार करतो. अशी कोरडी, उबदार हवा काच झपाट्याने स्वच्छ करते. आतलीच हवा फिरविण्याची कळ मात्र बंद असावी. वातानुकूलन नसलेल्या वाहनांत दोन्ही बाजूंच्या काचा दोन-तीन बोटे खाली घ्याव्यात. थोडी थंडी सोसावी लागते, पण रस्ता दिसतो. दुचाकीस्वारांनीही शिरस्त्राणाची काच जराशी उघडी ठेवावी.

न दिसणारा वायू

थंडीमुळे बंद गॅरेजमध्ये किंवा दार लावलेल्या पडवीत इंजिन चालू ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच भासतात, म्हणून माणूस गाफील राहतो. रात्री मुक्कामास असलेल्या चालकांनी इंजिन चालू ठेवून वाहनात झोपू नये. कोळशाची शेगडी वाहनात किंवा बंद खोलीत ठेवणेही तितकेच घातक आहे. अशी लक्षणे आढळल्यास त्या व्यक्तीस तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

चालू इंजिनाचे वाहन रस्त्यावर सोडून चहाला जाणेही योग्य नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी उभ्या वाहनात परवानाधारक चालक बसलेला असला पाहिजे. अन्यथा इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे. तसेच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या काचांविरुद्ध हा नियम सर्वांना ठाऊक आहे. दवाने झाकलेली काचही तितकीच आंधळी असते, याचा मात्र विसर पडतो.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी कोणत्याही मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळेची मुले नेणाऱ्या वाहनात दोन कोरडी सुती फडकी आहेत काय आणि वायपरचे रबर शाबूत आहे काय, एवढे मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतर एकदा पाहावे. रुग्णवाहिका व शासकीय जीप उघड्यावर उभ्या राहत असतील, तर ग्रामपंचायतीने वा कार्यालयाने त्यांना साधे छप्पर उपलब्ध करून द्यावे. मध्यरात्रीनंतर रुग्ण घेऊन निघताना काच पुसण्यात जाणारी मिनिटे त्यामुळे वाचतील. विज्ञानाच्या तासाला दवबिंदू शिकविताना शिक्षकांना अंगणात उभ्या असलेल्या वाहनाइतके उत्तम साधन दुसरे मिळणार नाही. आज बोटाने काचेवर रेघ ओढणारा विद्यार्थी उद्या चालकाच्या जागी बसणार आहे.

पहाटेचा क्रम सोपा आहे : वाहनाभोवती एक फेरी, सर्व काचा व आरसे पूर्ण स्वच्छ, दिवे पुसलेले, मग इंजिन, आतील वाफ गेल्याची खात्री आणि त्यानंतरच प्रस्थान. यास पाच मिनिटे लागतात. ती हवी असतील, तर घरातून पाच मिनिटे आधी निघावे, इतकेच.