भोक पाडायचं, पण कुठल्या दिशेनं?

उसाचा हंगाम सुरू झाला की वेळापूरच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रीघ लागते. ट्रॉलीच्या सांध्यातली पोलादी पिन पाहा. निपलला ग्रीसगन लावून दाबली की ग्रीस पिनेच्या पोटातून जाऊन नेमकं घासणाऱ्या जागी बाहेर येतं. त्यासाठी पिनेला दोन भोकं लागतात. एक तोंडाकडून लांबवर आत गेलेलं, दुसरं बाजूनं येऊन त्याला मिळणारं.

ही भोकं सीएनसी लेथवर पाडताना दिशेचा घोळ होतो. साध्या लेथला अक्ष दोनच: चकच्या मध्यरेषेनं जाणारा झेड आणि व्यासाच्या दिशेचा एक्स. टर्निंगचं टूल या दोघांच्या प्रतलात फिरतं. या प्रतलाचा कोड जी-१८. ड्रिलिंग सायकल मात्र निवडलेल्या प्रतलाला काटकोनात उतरते, शेताच्या सपाटीत बोअर सरळ खाली जाते तशी. एक्स-झेडला काटकोनात येतो वाय, आणि तो तर या लेथला नाहीच!

या गोंधळाचं मूळ मिलिंग मशीनमध्ये आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत १९५२ साली आकड्यांवर चालणारं मशीन दाखवलं गेलं, तेही मिलिंगचंच. उभ्या मिलिंगवर टेबल आडवं आणि ड्रिल उभं, म्हणून तिथे एक्स-वाय प्रतल, म्हणजे जी-१७, सोयीचं पडतं. लिनक्स-सीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लेथलाही खोल भोकाच्या ड्रिलिंग सायकलआधी, म्हणजे जी-८३च्या आधी, जी-१७ द्यावा लागतो, तेव्हा ड्रिल झेडनं आत जातं. काम झालं की जी-८०नं सायकल बंद करून पुन्हा जी-१८. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर चालणाऱ्या लेथवर दिशा सायकलच्या नंबरातच असते: तोंडाकडून जी-८३, बाजूनं जी-८७. बाजूच्या भोकासाठी जॉब स्थिर धरून ड्रिल फिरवावं लागतं.

खोल भोक एका दमात पाडत नाहीत. चिप अडकते, कूलंट टोकापर्यंत पोहोचत नाही, ड्रिल तुटतं. म्हणून आर २, झेड उणे ३०, क्यू ५ असं लिहितात. तोंडाच्या २ मिलिमीटर अलीकडून सुरुवात, दर खेपेला ५ मिलिमीटर आत आणि चिप झाडायला पुन्हा बाहेर. एकूण ३२ मिलिमीटरच्या सात खेपा. फानुकवर मात्र बहुधा क्यू मायक्रॉनमध्ये मोजतात. तिथे ५०००ऐवजी ५ लिहिलं तर सातच्या जागी ६,४०० खेपा!

म्हणूनच जाणता ऑपरेटर नवा प्रोग्राम आधी जॉब न लावता चालवतो. ड्रिल कुठल्या बाजूला सरकतंय, एवढंच तो पाहतो.