अंध श्रवण चाचणी
अंध श्रवण चाचणी : दोन ध्वनिमुद्रणांत किंवा ध्वनी पुनरुत्पादित करणाऱ्या दोन उपकरणांत ऐकू येण्याजोगा फरक आहे किंवा नाही, हे श्रोत्याला त्यांची ओळख न देता ठरविण्याची पद्धत. चाचणी घेणाऱ्यासही ही ओळख ठाऊक नसल्यास तिला द्विअंध चाचणी म्हणतात.

उपकरणाचे नाव, किंमत व आकार यांच्या ज्ञानाचा परिणाम श्रोत्याच्या निर्णयावर होतो. एफ्. ई. टूल व एस्. ई. ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांकडून ध्वनिक्षेपकांची पारख उघडपणे व पडद्याआड अशा दोन्ही प्रकारे करविली, तेव्हा उघड चाचणीत दिसलेले गुणांचे अंतर पडद्याआड पुष्कळ कमी झाले.

पद्धती : डब्ल्यू. ए. मन्सन व एम्. बी. गार्डनर यांनी १९५० मध्ये ‘एबीएक्स’ पद्धत मांडली. तीत ए व बी हे दोन ध्वनी ऐकविल्यानंतर एक्स हा त्यांपैकीच एक ध्वनी यादृच्छिक रीत्या निवडून ऐकवितात व तो कोणता हे श्रोत्याने ओळखावयाचे असते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये वर्णिलेल्या द्विअंध तुलनायंत्रात श्रोत्यास हवे तेव्हा ध्वनी बदलता येतो. दोन्ही ध्वनींच्या पातळ्या सु. ०·१ डेसिबेलच्या आत जुळविणे आवश्यक असते कारण किंचित मोठा आवाज हा पुष्कळदा अधिक चांगला आवाज म्हणून जाणवतो.

निष्कर्षांचा अर्थ : केवळ अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे योगायोगाने बरोबर येण्याची संभाव्यता सु. ४ टक्के असल्याने तेवढे यश सामान्यतः फरक ऐकू आल्याचा पुरावा मानतात. याउलट अपयश हा फरक नसल्याचा पुरावा नव्हे. दर वेळी ६० टक्के संभाव्यतेने बरोबर ओळखणारा श्रोताही अशा १६ प्रयत्नांच्या चाचणीत सहांपैकी सु. पाच वेळा अनुत्तीर्ण ठरेल. म्हणून सूक्ष्म फरकांसाठी प्रयत्नांची संख्या मोठी व श्रोते प्रशिक्षित असावे लागतात.

उच्च विभेदनाच्या ध्वनिमुद्रणांविषयीचा वाद याचे उदाहरण होय. ई. बी. मेयर व डी. आर्. मोरान यांनी २००७ मध्ये अशा मुद्रणांची तुलना, तीच मुद्रणे ४४·१ किलोहर्ट्‌झ व १६ बिट या कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकातून नेऊन केली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे फरक ओळखता आला नाही. जे. डी. रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक प्रयत्न एकत्र विचारात घेतले, तेव्हा हे प्रमाण ५२·३ टक्के आले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. हा फरक योगायोगाचा नसला, तरी अत्यल्प आहे. ध्वनिक्षेपकांतील फरक मात्र अंध चाचणीतही सहज ओळखू येतात.

यावरून ही चाचणी कानांची क्षमता नाकारत नाही. कानांनी दिलेली साक्ष डोळ्यांच्या साक्षीपासून ती वेगळी करते, असे दिसते.