नकाराचे कारण सांगणारे तीन अंक

इंटरनेटद्वारे संभाषण करण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या यंत्रांना संकेतांची देवाणघेवाण करावी लागते. या संकेतांची सर्वमान्य नियमावली म्हणजे ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’ अर्थात ‘सिप’. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने २००२ मध्ये तिचा मूलभूत मसुदा प्रमाणित केला. आपल्या देशातील फोर-जी भ्रमणध्वनीवरील संभाषणही याच प्रणालीवर आधारलेले आहे.

सिपमध्ये विनंतीला तीन अंकी उत्तर मिळते. १८० म्हणजे घंटी वाजत आहे, २०० म्हणजे विनंती मान्य, तर ४८६ म्हणजे समोरची व्यक्ती व्यस्त आहे. पहिला अंक उत्तराचा वर्ग दर्शवितो. ४ ने सुरू होणारे उत्तर या ठिकाणी विनंती पूर्ण होऊ शकत नाही असे सांगते. ५ सर्व्हरमधील बिघाड, तर ६ सर्वत्र नकार सूचित करतो.

एखाद्या कंपनीने स्वतःच्या गरजेसाठी नवा क्रमांक वापरल्यास काय होईल? समजा, ४९७ हा क्रमांक समोरच्या यंत्रास अपरिचित आहे. तर नियमानुसार ते त्यास ४०० समजते. व्यवहार कोलमडत नाही. मात्र विशेष कारण हरवते. म्हणून वर्गाची निवड महत्त्वाची ठरते. केवळ एका यंत्रापुरत्या अडचणीसाठी ६ चा वर्ग निवडला, तर ग्राहकाच्या अन्य यंत्रांवरील शोधही थांबतो. शिवाय खासगी क्रमांकास उद्या अधिकृत नोंदवहीत वेगळा अर्थ मिळू शकतो. क्रमांकासोबतचे शब्दरूप स्पष्टीकरण मात्र स्थानिक भाषेतही देता येते.

नोंदणीचा मार्ग संथ असला, तरी त्याचा लाभ सर्वांना मिळतो. २०१७ मध्ये ६०७ हा क्रमांक प्रमाणित झाला. त्याद्वारे ग्राहक नकोसा कॉल नाकारतो. २०१९ मधील ६०८ हा क्रमांक मधल्या यंत्रणेने कॉल अडविल्याचे सांगतो आणि त्यासोबत दाद मागण्यासाठी संपर्काची माहिती पाठविण्याची सोय आहे.

या सोयीचे आर्थिक मूल्य लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने पाहावे. त्याचा प्रामाणिक कॉल उपद्रवी ठरवून अडविला गेला आणि कारण कळलेच नाही, तर तो ग्राहक गमावतो. चूक सुधारण्याची संधीही त्याला मिळत नाही. नकोशा कॉलपासून ग्राहकांचे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु नकार देणाऱ्या यंत्रणेने त्याचे कारण सर्वांना समजेल अशा संकेतात सांगणे, हाही न्याय्य बाजारव्यवस्थेचा भाग आहे.