कर्नलचा मृत्युपूर्व जबाब

चालता संगणक एकाएकी थिजतो. माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही आणि काळ्या पडद्यावर आकड्यांच्या वीस-पंचवीस ओळी उमटतात. बहुतेक जण बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करतात. ज्याला त्या ओळी वाचता येतात, तो आधी त्यांचा फोटो काढतो, कारण अनेकदा पुरावा म्हणून तेवढंच हाती उरतं. आणि नवल म्हणजे, तेवढ्यावरूनही बिघाडाचा छडा लागतो.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ब्राउझर कोसळला तर कर्नल त्याची मेमरी काढून घेतो, बाकीचं काम सुरळीत चालू राहतं. पण कर्नलच कोसळला तर त्याला सावरणारं वर कुणी नाही. घडलेलं डिस्कवर लिहून ठेवावं म्हटलं, तर लिहिणारा कोडही त्याच कर्नलचा. तो शाबूत आहे याची खात्री नसताना डिस्कला हात लावला, तर चांगला डेटाही खराब व्हायचा. म्हणून लिनक्सचा कर्नल अशा वेळी जमेल तेवढं बोलून घेतो. त्या निवेदनाला ‘ऊप्स’ म्हणतात. प्रसंग निभावण्यापलीकडचा असेल, तर पुढची पायरी ‘पॅनिक’.

नमुन्यादाखल एका ऊप्समधले तीनच तुकडे घेऊ. पहिला: १८ हा पत्ता वाचता आला नाही. दुसरा: प्रोसेसरच्या आरडीआय या रजिस्टरमध्ये शून्य होतं. तिसरा: ज्या आज्ञेवर घात झाला तिचे चार बाइट्स, ४८ ८बी ४७ १८.

ते चार बाइट्स उलगडले की आज्ञा अशी निघते: आरडीआयमध्ये जो पत्ता आहे, त्याच्या १८ घरं पुढचं वाच. वरच्या पत्त्यातली आणि इथली ही मोजणी सोळाच्या पायावरची, म्हणजे आपल्या हिशेबाने २४. आता जोडून पाहा. शून्य अधिक २४ म्हणजे २४च, आणि नेमका तोच पत्ता वाचताना प्रोसेसर अडला. फाइल असो, प्रोसेस असो की नेटवर्क कार्ड, कर्नल प्रत्येकाची माहिती ठरलेल्या मांडणीच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवतो. इथे कुठल्याशा स्ट्रक्चरमधला २४ व्या बाइटवरचा रकाना हवा होता, पण स्ट्रक्चरच हाती आलेलं नव्हतं. शिवाय ६४-बिट लिनक्सच्या रिवाजानुसार फंक्शनला मिळणारा पहिला पॉइंटर, म्हणजे पत्ता, आरडीआयमधून येतो. फंक्शनच्या सुरुवातीलाच घात झाला असेल, तर बोलावणाऱ्यानेच रिकामा पत्ता हातात दिला, असा दाट संशय घेता येतो. सोर्स कोडची एकही ओळ न उघडता इथवर येता येतं!

घात सुरुवातीला झाला की मध्येच, हेही ऊप्स सांगतो. फंक्शनचं नाव, त्याच्या सुरुवातीपासून किती बाइट्सवर अडलो आणि फंक्शनची एकूण लांबी किती, हे सगळं एका ओळीत असतं. डीबगची माहिती नसली, तरी तोच सोर्स त्याच कंपायलरने पुन्हा बांधून त्या बाइटवर कुठली ओळ येते ते पाहता येतं.

खाली ‘कॉल ट्रेस’ असतो: कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं, त्याची उतरंड. त्यातल्या काही नावांआधी प्रश्नचिन्ह असतं. त्याचा अर्थ असा, की हा पत्ता स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या नोंदींच्या चळतीवर, सापडला खरा, पण तो आताच्या प्रवासातला की आधीच्या एखाद्या कामाचा तिथेच राहून गेलेला, याची हमी नाही. कोसळतानाही पक्कं काय आणि संशयास्पद काय, हे कर्नल वेगळं काढून देतो.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे आधीच पेरून ठेवलेले पुरावे. कर्नलमधल्या यादीतून एखादा घटक काढला की त्याच्या दुव्यांमध्ये मुद्दाम निरुपयोगी पत्ते भरले जातात. ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर ते ‘डी-ई-ए-डी’ या अंकांनी सुरू होतात, आणि हे पत्ते प्रोसेसर मानतच नाही. त्यामुळे काढून टाकलेल्या घटकाला पुन्हा कुणी हात लावला, की तो जागच्या जागी पकडला जातो. तपासणीची सोय चालू केली असेल, तर मोकळी केलेली मेमरी ६बी या बाइटने भरली जाते. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी अशी रांग दिसली, की सोडून दिलेली जागा कुणीतरी अजून वापरतंय हे जाणकार बघताक्षणी ओळखतो. आणि जिथे शून्य हवं तिथे एकच बिट १ झालेला दिसला, तर कोडइतकाच संशय रॅमवरही घ्यावा लागतो.

थोडक्या पुराव्याचं असं वाचन जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं कोसळली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ‘हा शून्य पॉइंटरचा घोळ’ असा निष्कर्ष समाजमाध्यमांवर लगेच फिरला. मायक्रोसॉफ्टने नंतर प्रसिद्ध केलेल्या क्रॅश डंपमधून वेगळंच दिसलं. घात झाला ती आज्ञा आर८ रजिस्टरमधल्या पत्त्यावरून वाचत होती, आणि तिच्या आधी आर८ शून्य तर नाही ना, ही तपासणी केलेली होती. म्हणजे पत्ता रिकामा नव्हता, भलताच होता. क्राउडस्ट्राइकच्या अहवालाने त्याचं मूळ सांगितलं: नियमाला २१ मूल्यं अपेक्षित होती, पुरवली गेली २०. एकविसावं वाचायला गेलेला कोड यादीबाहेरच्या मेमरीत शिरला.

जबाब अधिक सविस्तर मिळावा यासाठीही कमालीच्या युक्त्या निघाल्या. लिनक्सच्या केडम्प या सोयीत दुसरा एक छोटा कर्नल राखीव मेमरीत आधीच तयार ठेवलेला असतो. पहिला कोसळला की हा सूत्रं हाती घेतो आणि पहिल्याची मेमरी जशीच्या तशी टिपून ठेवतो. २०२४ च्या शेवटी आलेल्या लिनक्स ६.१२ पासून तर पॅनिकचा तपशील पडद्यावर क्यूआर कोड म्हणून दाखवण्याची सोय झाली.

एकामागून एक ऊप्स आले, तर खरा मान पहिल्याचा. पुढचे बहुधा त्याच पडझडीचे परिणाम असतात. आणि पहिल्या ऊप्समधला कुठलाही आकडा वाचताना एक जाणवतं: तो आपल्याला कळतो, कारण कुणीतरी आधीच तशी तजवीज करून ठेवली होती. एखाद्या अनोळखी यंत्रावर, कुठल्याही साधनाविना, केवळ पडद्याकडे पाहत बसलेला माणूस ती तजवीज करणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता. चुका होणारच हे मान्य करून, त्या शोधणाऱ्याला वाट सापडावी अशा रीतीने कोड लिहिणं, ही मला अभियांत्रिकीतली सर्वांत मोठी आस्था वाटते.