यंत्र तेच, घर वेगळं

धातूतली भेग शोधणाऱ्या यंत्राने माणसाच्या पोटातलंही दिसेल का, हा प्रश्न ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांना पडला. १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन ते असं यंत्र वापरणाऱ्या बॉयलरच्या कारखान्यात थेट पोचले. १९५८ साली टॉम ब्राउन हा अभियंता आणि आणखी एक डॉक्टर यांच्यासह त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला आणि प्रसूतिशास्त्राला सोनोग्राफी मिळाली. वार खाली सरकलेली असो, गर्भ नळीत अडकलेला असो, ज्या गोष्टी पूर्वी रक्तस्राव झाल्यावर कळत त्या आता आधी दिसू लागल्या. असंख्य बाळंतिणी त्यामुळे वाचल्या. पुढचं वाचताना हे विसरू नये.

हे यंत्र आपल्याकडे आलं तेव्हा मुलगा हवा असणारी घरं आधीपासून होती. गर्भजल परीक्षा सत्तरच्या दशकातच आली होती, ती गर्भातले दोष शोधण्यासाठी. पण तिचा, आणि पुढे सोनोग्राफीचाही, उपयोग लिंगनिदान करून मुलीचा गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ साली लिंगनिदानावर बंदी घालणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४चा. तरीही दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुलींची महाराष्ट्रातली संख्या १९९१च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ती ८०७वर आली.

पैसा आणि शिक्षण आलं की माणसं आपोआप शहाणी होतात, असं आपण धरून चालतो. इथे झालं उलटंच. २००१मध्ये देशात सर्वांत कमी आकडा, ७९८, पंजाबचा होता. हरितक्रांतीने सुबत्ता आणलेला पंजाब! आपल्याकडेही ऊस पिकवणारा पश्चिम महाराष्ट्र यात मागे नव्हता. तपासणीचे पैसे मोजू शकणारा, शहरातल्या दवाखान्यापर्यंत जाऊ शकणारा वर्ग आधी लिंगनिदानापर्यंत पोचला. दोनच मुलं हवीत हा आधुनिक विचारही त्याला जोडून आला, आणि त्या दोनांत एक मुलगा हवाच होता.

मग यंत्रावर पहारा बसवायचं ठरलं. केंद्रांची नोंदणी आली, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीमागे नोंदीचा ‘एफ’ फॉर्म आला. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे चित्रण साठवणारं उपकरण जोडलं गेलं. असा वचक हवाच, मात्र यंत्रं लहान होत चालली आहेत आणि आता आईच्या रक्ताच्या नमुन्यावरूनही लिंग कळू शकतं. कायदा त्यालाही लागू आहे; पण नळीभर रक्तावर पहारा ठेवायचा कसा?

मुलगाच हवा हा रोग दक्षिण कोरियानेही भोगला. १९९० साली तिथे १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. २००७च्या सुमारास हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर आलं. लिंग सांगण्यावर तिथे १९८७पासून बंदी होती, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, म्हातारपणासाठी निवृत्तिवेतन आलं आणि घराचा प्रमुख पुरुषच असावा ही कायदेशीर व्यवस्था रद्द झाली. सोनोग्राफी तिथे घरोघरच्या गरोदरपणाचा भाग आहे. २०२४ साली तर तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लिंग सांगण्यावरची उरलीसुरली बंदीही काढली.

कायदा आपल्याकडेही बदलला: वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४मध्ये दिला, देशभर तो २००५मध्ये आला. पण वडिलांचं वर्षश्राद्ध उरकण्याआधीच अनेक घरांत बहिणीसमोर हक्कसोडपत्र येतं, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. घरात असा कागद आला, तर भावांनी तो परत पाठवावा आणि सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावून घ्यावं. सुरुवात तलाठ्याकडच्या एका खेपेने होते.