टाकून दिलेल्यांना आसरा

आमच्या वस्तीत आम्हाला ‘कुत्रेवाले’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी कोणीतरी विहाराच्या फाटकाला एक पांढरा पॉमेरियन बांधून गेले. डोळ्यांत मोतीबिंदू, केसांच्या गाठी, अंगभर गोचिड्या. वंदनेला येणारे त्याला वळसा घालून जात होते. आम्ही त्याला घरी आणले, मोती नाव ठेवले. तेव्हापासून या दोन खोल्यांतून अकरा पॉमेरियन चांगल्या घरी गेले. आमची संस्था नाही की पावतीपुस्तक नाही. नवरा-बायको, दोन मुले आणि सासूबाई, एवढेच आम्ही.

पहिला विरोध घरातूनच झाला. सासूबाई म्हणाल्या, “चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी होतं, आपल्या माणसांना नव्हतं. त्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. आता आपणच कुत्री कुरवाळायची?”

प्रश्न खरा होता. दोन दिवस आम्ही गप्प होतो. उत्तर सापडले ते त्या रोज म्हणतात त्या बावीस प्रतिज्ञांत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही एक आहे. महाडला आपले भांडण कुत्र्याशी नव्हते, माणसाला पाण्यापासून हटवणाऱ्या माणसाशी होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र त्यांनीच भाकरी कुस्करून मोतीपुढे ठेवली.

आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच वाणाचा. पुढे २००३ मध्ये मोबाईलच्या जाहिरातीमुळे पगची हौस आली. हौस फिटली, कुत्रा म्हातारा झाला की रस्ता दाखवायचा. घरात वाढलेल्या जिवाला उकिरड्यावर पोट भरता येत नाही. पाळलेले जनावर असे टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

नवा कुत्रा आम्ही आधी दोन आठवडे वेगळा ठेवतो, म्हणजे आजार असला तर इतरांना लागत नाही. मग गोचिड्यांचे औषध, रेबीजची लस, नसबंदी. खायला भात, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन, अंडे. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट त्यांना विषासमान. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक चूक आमच्याकडूनही झाली. घाईत, घर न पाहता एक कुत्री देऊन टाकली. महिन्याने पाहिले तर ती भर उन्हात गच्चीवर बांधलेली, भांड्यात पाण्याचा थेंब नाही. परत आणली. आता घर पाहिल्याशिवाय देत नाही. पैसा घेत नाही. अट एकच : नको झाला तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे आणा.

मोती दीड वर्ष जगला. शेवटच्या रात्री सासूबाईंच्या पायावर डोके टेकून पडला होता. त्या जागच्या हलल्या नाहीत. पहाटे त्यांनी त्याच्याजवळ बसून त्रिशरण म्हटले.

उपासक-उपासिकांनो, मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणण्याआधी विचार करा. तो बारा-पंधरा वर्षांचा सोबती आहे, खेळणे नव्हे. आणि आणायचाच असेल तर कोणीतरी टाकून दिलेला आणा. टाकून दिले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.